एक द्या, एक घ्या : कपगोधडीची अदलाबदल

सख्यांनो, या महिन्याचा पाठ हाताच्या कामाचा आहे आणि हिशोबाचाही आहे. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावं. पटलं नाही तिथे थांबून बोलावं. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत घ्या.

परदेशात गोधड्या शिवणाऱ्या बायका आपसात एक देवाणघेवाण करतात. प्रत्येकीने एक लहानशी वस्तू हाताने शिवायची, दुसरीला पाठवायची आणि तिच्याकडून किंवा तिसरीकडून तशीच एक घ्यायची. पैसे कोणी द्यायचे नाहीत, कोणी घ्यायचे नाहीत. यात एक वस्तू फार चालते, तिला म्हणतात 'मग रग'. मग म्हणजे चहाचा मोठा कप आणि रग म्हणजे सतरंजी. म्हणजे कपाखालची सतरंजी. चहाचा कप ठेवायचा आणि शेजारी दोन बिस्किटं किंवा एक खारी मावेल एवढीच जागा. आपण तिला कपगोधडी म्हणू, कारण ती खरोखर गोधडीच असते : वर तुकडे, मध्ये भर, खाली अस्तर आणि तिन्ही थरांतून धावदोरा.

ही वस्तू शिकायला का घ्यायची? एक तर ती लहान आहे. अख्खी गोधडी शिवायला महिना जातो, ही दोन-तीन तासांत होते. दुसरं, हिला लागणारं कापड घरातच असतं. आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. विकण्याआधी एकदा एकमेकींना देऊन बघायला पाहिजे. आपल्याच गटातली बाई जी वस्तू हातात घेऊन "मला हीच हवी" म्हणत नाही, ती प्रदर्शनातलं गिऱ्हाईक कशाला घेईल? अदलाबदलीत पैसे बुडत नाहीत, पण काम कसं झालं ते कळतं. आणि आपल्या एका तासाची किंमत काय, हेही वहीत उतरतं.

देवाणघेवाण आपल्याला नवी नाही

आपण तीन प्रकारची देवाणघेवाण लहानपणापासून पाहत आलोय.

पहिली बोहारणीची. दारात बोहारीण येते, जुने कपडे घेते आणि स्टीलचं भांडं देते. "एवढ्या साड्यांत एवढंच पातेलं?" म्हणून आपण घासाघीस करतो. ती साडीचा काठ तपासते, आपण पातेल्याचा बूड वाजवून बघतो. हा सौदा आहे. दोघींना आपापला फायदा बघायचा असतो आणि त्यात गैर काहीच नाही.

दुसरी वाणाची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू होतं आणि आपण वाण लुटतो. इथे हिशोब नसतो. मी तुला कंगवा दिला, तू मला चाळणी दिलीस, दोन्हींची किंमत कोणी विचारत नाही. पण हिशोब नसल्यामुळे एक गोष्ट झाली आहे. बाजारातून डझनाने आणलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तू फिरतात आणि बऱ्याच घरांत त्या माळ्यावर जाऊन पडतात. देणाऱ्या बाईचा हात त्या वस्तूला लागलेलाच नसतो.

तिसरी सावडीची. भातलावणीला आज सगळ्या जणी तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. कोणी याला सावड म्हणतं, कोणी इर्जिक. इथे पैसे नसतात, पण हिशोब पक्का असतो. दिवसाला दिवस. कोणाचा हात चपळ असेल, कोणाचा मंद, तरी दिवस दोघींचा सारखाच मोजतात. आणि जिने दुसरीच्या शेतात दिवस भरला नाही, तिच्या शेतात पुढच्या वर्षी कोणी जात नाही.

कपगोधडीची अदलाबदल ही या तिसऱ्या प्रकारची आहे. ती बोहारणीच्या सौद्यासारखी केली तर भांडणं होतील. वाणासारखी केली तर कोणीही काहीही आणून देईल आणि मनातल्या मनात कुढणं सुरू होईल. सावडीसारखी केली तर टिकेल. ठरलेलं माप, ठरलेली तारीख, कामाला काम. या पाठात सांगायची मुख्य गोष्ट हीच. बाकी सगळं ती कशी करायची त्याबद्दल आहे.

कापड आपल्या दारात आहे

आपल्या भागाइतकं कापड फार थोड्या ठिकाणी असेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात, तो त्या छावणीचाच. मागे सगळं सोडून आलेल्या या लोकांनी शिवणयंत्रावर, कापडावर, छोट्या छोट्या कारखान्यांवर आपला व्यापार उभा केला. जपानी बाजारातल्या कापडापासून ते जीन्सपर्यंत आज जो धंदा चालतो, त्याची मुळं तिथे आहेत.

सिंधी बायकांची स्वतःची गोधडी असते, तिला रल्ली म्हणतात. सिंधी भाषेत मिसळणं, एकत्र करणं या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. चौकोन, त्रिकोण कापून जोडायचे किंवा एका कापडावर दुसऱ्या कापडाची नक्षी बसवायची आणि वरून सरळ रेघांत धावदोरा घालायचा. आपली गोधडी जुन्या नऊवारीची, धोतराची, मऊ. रल्ली रंगाने भडक, नक्षी मोजून बसवलेली. पण दोन्हींचं तत्त्व एकच : फाटलेलं टाकायचं नाही, जोडायचं. उल्हासनगरच्या वस्तीतल्या गटात एखाद्या सिंधी आजीला रल्ली येत असेल, तर तिला बैठकीला जरूर बोलवा. गावातल्या आजीला गोधडी येते. दोघींच्या हातचे टाके शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखा दुसरा वर्ग नाही.

कापड जमवायचे मार्ग तीन. घरातल्या जुन्या सुती साड्या, परकर, चादरी. गावातल्या किंवा वस्तीतल्या टेलरकडची कातरण. आणि जीन्स शिवणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे. मागताना फुकट मागू नका. किलोवर भाव ठरवा, थोडं का होईना पैसे द्या आणि वहीत लिहा. फुकट मिळालेलं कापड किती दिवस फुकट मिळेल याचा भरवसा नसतो. उद्या धंदा करायचा झाला तर भाव माहीत असलेला बरा.

नमुना : माप आणि रीत

सगळ्यांचं माप एकच ठेवा. तयार कपगोधडी ९ इंच लांब, ६ इंच रुंद.

वरचा थर ९ बाय ६ इंच. अख्खा तुकडा घ्या किंवा तुकडे जोडून तेवढा करा. जोडताना प्रत्येक शिवणीला पाव इंच कापड आत जातं, ते धरून कापा.

मधला थर ९ बाय ६ इंच. जुना सुती टॉवेल किंवा जुनी फलाटीण सगळ्यात चांगली. फोम किंवा नायलॉनची भर नको. कप गरम असतो.

खालचं अस्तर ११ बाय ८ इंच. म्हणजे चारही बाजूंनी एक-एक इंच जास्त. हे जास्तीचं कापड वर दुमडून त्याचाच गोट करायचा आहे.

कापायच्या आधी कापड धुवा. नवं कापड धुतल्यावर आटतं. शिवल्यावर आटलं तर गोधडी वाकडी होते. जीन्सचा निळा रंग सुटतो का ते बघायला पांढरा रुमाल ओला करून तुकड्यावर चोळा. रुमालावर निळं आलं तर तो तुकडा अजून दोनदा धुवा. नाहीतर पाहुण्याने चहा सांडला की टेबलावर निळा डाग. कापड सुती आहे की नाही कळत नसेल तर कडेच्या एका दोऱ्याला ओट्यावर, वाटीवर धरून काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. हे काम मुलं जवळ नसताना करा.

अस्तर उलटी बाजू वर करून पसरा. त्यावर मधोमध टॉवेल, त्यावर वरचा थर सुलटी बाजू वर करून. मधून सुरू करून कडेकडे जात कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकणार नाहीत आणि चुण्या पडणार नाहीत. मग धावदोरा. दोन रेघांत एक बोट अंतर पुरे. टाके एकसारखे ठेवा. बारीक असलेच पाहिजेत असं नाही. गाठ वर दिसू देऊ नका, थरांच्या आत ओढून घ्या.

शेवटी गोट. अस्तराची कड अर्धा इंच दुमडली की ती वरच्या थराच्या काठाला येऊन टेकते. तीच पुन्हा अर्धा इंच दुमडून वरच्या थरावर आणा आणि हेम घाला. आधी दोन लांब बाजू, मग दोन आखूड बाजू. कोपऱ्यावर जाड झालं तर आतलं जास्तीचं कापड थोडं कापा. कच्चे टाके काढा, इस्त्री फिरवा.

तीन गोष्टी टाळा. अस्तराला जीन्स घेऊ नका, गोट दुमडताना कोपरा लाकडासारखा होतो आणि मशीनची सुई तुटते. वरच्या थरात जीन्स असेल तर मशीनला १६ नंबरची सुई लावा. आणि टिकल्या, मणी, बटणं लावू नका. दिसायला छान, पण कप कलंडतो. चहा सांडला तर अंगावर येतो, मूल जवळ असलं तर भाजतं. वस्तू ज्या कामाची आहे ते काम तिने आधी करावं, मग दिसावं.

अदलाबदलीची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. तीच इथे लावू.

बैठक. काम सुरू होण्याआधी एक बैठक फक्त नियमांसाठी घ्या. माप, प्रत्येकीने किती करायच्या, जमा करायची तारीख, तपासणारं कोण, हे सगळ्यांसमोर ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. पहिल्या वेळी प्रत्येकीने तीनच करा. बारा जणींचा गट असेल तर छत्तीस होतात. तीनपैकी निदान एक पूर्ण हाताची असावी, म्हणजे ज्यांच्याकडे मशीन नाही त्या मागे पडणार नाहीत.

बचत. दोन आठवडे फक्त कापड जमवा. प्रत्येक बैठकीला मूठभर चिंध्या आणा आणि एका पिशवीत टाका. रंगाप्रमाणे निवडून ठेवा. ज्या ताईच्या घरी जास्तीचं कापड नाही, तिला या पिशवीतून मिळेल. तिने त्यासाठी कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

कर्ज. इथे पैशांचं नाही, वस्तूंचं. कात्री, मशीन, इस्त्री एकमेकींना वापरायला द्या. कोणाचं काय, कोणाकडे, किती दिवस, हे लिहून ठेवा. मशीन बिघडली तर दुरुस्ती कोणी करायची हे आधीच ठरवा. मैत्रीत कात्री हरवते आणि मग मैत्रीही हरवते.

परतफेड. आधी सगळ्यांची जमा, मग वाटप. हा नियम मोडू नका. दोघीदोघींच्या जोड्या लावल्या आणि एकीने वेळेवर दिलीच नाही, तर दुसरीचे हात रिकामे राहतात आणि तिने दिलेली वस्तू तर गेलेली असते. सगळ्यांनी एकाच टोपलीत जमा करायचं आणि जिने जितक्या जमा केल्या तितक्याच तिला परत मिळायच्या. मग कोणी आजारी पडली, कोणाच्या घरी अडचण आली, तरी दुसऱ्या कोणाचं नुकसान होत नाही. ती पुढच्या फेरीत येईल. तिला बोल लावायचं कारणच उरत नाही.

लेखे. कोणी किती जमा केल्या, कोणाला किती मिळाल्या, किती तास लागले, किती खर्च आला, याची वही. हिच्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

तपासणी : इथेच गट जुळतो किंवा तुटतो

खरी कसोटी तपासणीची आहे. एकीने रात्री मुलं झोपल्यावर तीन दिवस बसून शिवलेली असते. दुसरीने बैठकीच्या आदल्या संध्याकाळी कशीबशी उरकलेली असते. पहिलीच्या वाट्याला दुसरीचं काम आलं, तर ती तोंडाने "छान आहे गं" म्हणेल आणि घरी जाऊन पुढच्या बैठकीला यायचं टाळेल. गटात मन फाटलं की त्याचा परिणाम बचतीवर होतो, परतफेडीवर होतो. म्हणून तपासणी आधी.

तीन जणींची समिती करा. शक्यतो दुसऱ्या गटातल्या. त्यांनी फक्त सहा प्रश्न विचारायचे. माप ९ बाय ६ आहे का? सपाट टेबलावर चारही कोपरे टेकतात का? पाण्याने भरलेला कप ठेवला तर हलतो का? ओढून पाहिलं तर गोट उसवतो का? ओल्या रुमालावर रंग उतरतो का? दोऱ्याची टोकं लोंबतात का? रंगसंगती आवडली की नाही, हा प्रश्न समितीचा नाही. आवड ज्याची त्याची.

ज्या कपगोधडीत दोष असेल ती बाजूला घेऊन त्या ताईला एकटीला दाखवा. सगळ्यांसमोर उचलून धरू नका. "ताई, हा कोपरा परत घ्यायला लागेल, आठ दिवस आहेत" एवढंच. "कसलं केलंयस हे" असं नाही. आणि कोपरा कसा घ्यायचा ते शेजारी बसून दाखवा. ज्या ताईचं काम परत गेलं, तिला पुढच्या वेळी समितीत घ्या. दोष कुठे बघायचा हे तिच्याइतकं दुसरीला कळणार नाही.

वाटपाच्या दिवशी सगळ्या कपगोधड्या नंबर लावून सतरंजीवर मांडा, नावं झाकून. प्रत्येकीजवळ वरून भोक पाडलेला एक झाकलेला डबा ठेवा. प्रत्येक ताईने वालाचे तीन दाणे घ्यायचे. बाजारात असती तर जी पैसे देऊन घेतली असती, तिच्या डब्यात दाणा टाकायचा. स्वतःच्या डब्यात टाकायचा नाही. दाणे समितीने मोजायचे आणि ज्या त्या ताईला तिचे तेवढे सांगायचे. पहिला नंबर, दुसरा नंबर जाहीर करायचा नाही. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून वाटप करा. स्वतःचीच चिठ्ठी आली तर परत टाका. चिठ्ठीवर सोपवलं की "तिने आधी येऊन चांगली उचलली" हे बोलणं राहत नाही.

प्रत्येक कपगोधडीला मागे एक छोटी चिठ्ठी टाका : बनवणारीचं पहिलं नाव, गाव किंवा वस्ती, कापड कशाचं, आणि किती तास लागले. "आईच्या नऊवारीचा काठ, तीन तास" असं वाचलं की ती वस्तू माळ्यावर जात नाही. फोन नंबर मात्र लिहू नका. वस्तू पुढे कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

कधी करायची आणि कोणी बसायचं

आषाढात लावणी असते, तेव्हा हातांना उसंत नसते. दिवाळीच्या आसपास कापणी, झोडणी. आणि दिवाळीनंतर आपल्या कातकरी बहिणींपैकी बऱ्याच जणी वीटभट्टीवर जातात, त्या थेट पावसाच्या तोंडाला परततात. संक्रांतीला अदलाबदल ठेवली तर त्यांना आपण न सांगता वगळलं असं होतं. म्हणून गौरी-गणपतीनंतर काम सुरू करा आणि नवरात्रात वाटप ठेवा. भात शेतात उभं असतं, कापणीला अवकाश असतो, सगळ्या जणी गावात असतात.

एकापेक्षा जास्त गट मिळून करणार असाल तर ठिकाण मधलं घ्या. विठ्ठलवाडी, उल्हासनगरच्या ताई कर्जत लोकलने येतील, वांगणी, बदलापूरच्या उलट बाजूने येतील. अंबरनाथ दोघींना बरं पडतं. बारवी धरणाकडच्या गावांतून येणाऱ्यांना आधी बदलापूरपर्यंत गाडी गाठावी लागते, म्हणून वेळ दुपारची ठेवा आणि अंधाराआधी संपवा. सगळ्यांनी येण्यापेक्षा प्रत्येक गटाच्या दोघींनी वस्तू घेऊन आलं तरी चालेल. भाडं कोणी द्यायचं ते आधी ठरवा. बदलापूर हे नावच मुळी इथे घोडे बदलायचे त्यावरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. तेव्हा अदलाबदलीला जागा शोभून दिसते!

आता एक गोष्ट मनावर घेऊन वाचा. हळदीकुंकवाला आपण ज्यांना बोलवत नाही, अशा बहिणी आपल्याच गटात आहेत. नवरा गेलेली ताई बचत आपल्याबरोबर भरते, कर्ज वेळेवर फेडते, आणि वाणाच्या दिवशी मात्र घरात बसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या अपमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. ठराव कागदावर होतो, पण तो खरा होतो सतरंजीवर. अदलाबदलीच्या सतरंजीवर सगळ्या एका रांगेत बसतात. लग्न झालेली, न झालेली, नवरा असलेली, नसलेली, सोडलेली. मराठी, सिंधी, मुस्लिम, आदिवासी. तिथे विचारायचं एकच : तुझ्या किती जमा आहेत? आणि पुढे कधी हळदीकुंकवाला हीच कपगोधडी वाण म्हणून द्यावीशी वाटली, तर ती शिवणाऱ्या सगळ्याच हातांना त्या दिवशी बोलवा.

तासांची वही

आता शेवटचा भाग, पण खरी शिकवण इथे आहे. कपगोधडी हातात घेतल्यापासून संपेपर्यंतचा वेळ लिहा. मध्ये भात लावायला उठलात, तो वेळ सोडा. धुणं, कापणं, जोडणं, धावदोरा, गोट, इस्त्री, सगळं धरा.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त शिकण्यासाठी आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

अस्तराचं कापड ८ रुपये, धागा ४ रुपये, चिठ्ठी आणि पिशवी ३ रुपये, मशीनचं तेल, सुई, लाईट मिळून ५ रुपये. झाले २० रुपये. वेळ लागला अडीच तास. गटाने ठरवलं की आपल्या एका तासाचे निदान ४० रुपये धरायचे. अडीच तासांचे १०० रुपये. म्हणजे एका कपगोधडीला १२० रुपये पडले.

आता कोणी दुकानदार म्हणाला, "४० रुपयांना देता का? शंभर घेतो." शंभराचा आकडा ऐकून आनंद होतो. पण ४० मधून २० खर्चाचे गेले, राहिले २०. अडीच तासांचे २० रुपये, म्हणजे तासाला ८ रुपये. वही नसती तर आपण "घरात बसल्या बसल्या होतंय ना" म्हणून हो म्हटलं असतं आणि शंभर कपगोधड्यांसाठी अडीचशे तास घातले असते.

मग काय, विकायचंच नाही? तसं नाही. वही दुसरा रस्ताही दाखवते. दहा एकदम करायला घ्या. कापण्याचं काम एकीने, जोडण्याचं दुसरीने, गोट मशीनवर तिसरीने. असं केलं आणि एका कपगोधडीला सगळ्यांचा मिळून एक तास लागू लागला, तर खर्च २० अधिक मजुरी ४० असे ६० रुपये पडतात. ६० च्या खाली द्यायची नाही हे पक्कं. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाला नेणार असाल तर जाण्या-येण्याचं भाडं, खाणं, तिथे घालवलेले दिवस हे वर धरून किंमत लावा. आणि जी पूर्ण हाताच्या धावदोऱ्याची आहे ती ६० ला देऊच नका. ती वेगळी ठेवा, तिची किंमत वेगळी लावा, चिठ्ठीवरचे तास गिऱ्हाईकाला दाखवा.

हीच वही आपल्यापैकी ज्या ताई नगावर काम घेतात त्यांनीही करून बघावी. जीन्सचे दोरे कापणं, बटण लावणं, पाकिटं चिकटवणं, काहीही. एका तासात किती नग होतात, नगाला किती मिळतात, गुणाकार करा. काम लगेच सोडा असं कोणी म्हणत नाही, घर चालवायचं असतं. पण आकडा माहीत असला की भाव वाढवून मागायला तोंड उघडतं. आणि दहा जणींचा आकडा एकच निघाला, की दहाही जणी एकदम बोलू शकतात.

बैठकीत बोलण्यासाठी

१. वाण, बोहारणीचा सौदा आणि सावड यांत तुमच्या गावात आज काय उरलंय? जे गेलं ते का गेलं?

२. आपल्या गटात अशी कोणती ताई आहे जिला एखाद्या कार्यक्रमाला आपण न सांगता वगळतो? ती कधी येऊ शकेल हे तिलाच विचारलंय का?

३. तुमचं काम कोणी परत केलं तर ते कसं सांगितलेलं तुम्हाला आवडेल? सांगून बघा, आणि दुसरीला तसंच सांगायचं ठरवा.

४. आपल्या एका तासाचे किती रुपये धरायचे? प्रत्येकीने आपला आकडा चिठ्ठीवर लिहा, मग मिळून एक ठरवा.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

प्रत्येकीने मूठभर धुतलेल्या सुती चिंध्या आणायच्या. एक कपगोधडी वरच्या मापाने करून आणायची, अदलाबदलीसाठी नाही, सरावासाठी. आणि तिच्यासोबत कागदावर दोनच आकडे : किती रुपये लागले, किती तास लागले. लिहिता येत नसेल तर तासाला एक रेघ ओढा. मुलीकडून, सुनेकडून लिहून घेतलंत तरी चालेल, पण रेघा मात्र स्वतः ओढा.